लहान एन, मोठा एन

माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या समोर, मेडिकलच्या वर पहिल्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. पाटीवर क्लासचं इंग्रजी नाव, त्याखाली ‘कॉम्प्युटर व स्पोकन इंग्लिश’ आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत ‘गृहिणी व नोकरदारांसाठी खास दुपारची बॅच’. ती खास बॅच माझ्याकडे असायची. खास म्हणजे काय, तर ज्यांना शिकवायला क्लासमधले दोन्ही सर तयार नसत अशी माणसं.

मला तरी कुठं मोठं येत होतं? बी. कॉम. झाल्यावर चर्चगेटपर्यंत जाऊन मुलाखती देऊन झाल्या होत्या, कुणी दारात उभं केलं नव्हतं. मधल्या काळात याच क्लासमध्ये सहा महिन्यांचा कोर्स केला आणि मालकांनी मलाच शिकवायला ठेवून घेतलं. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! पण गंमत अशी की आजूबाजूला नुसती वासरंच असली की गाईला आपण लंगडतो याचा विसर पडतो. मी केस बांधून, कपाळाला आठ्या घालून वर्गात शिरायचे. ‘माऊसला घाबरू नका’ हे वाक्य मी अशा आवाजात म्हणायचे की माणसं माऊसपेक्षा मलाच घाबरायची.

आम्ही विरारला मनवेलपाड्यात राहायचो. आधी लालबागला चाळीत होतो, मग वडिलांच्या फंडातून इथं वन रूम किचन झालं. वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आमच्या घरात गरिबी चालायची, अशुद्ध चालायचं नाही. ‘पाणी’चं कुणी ‘पानी’ केलं तर ताटावरून उठवत. त्या शिस्तीचा मला भारी अभिमान होता. अंगावर धड साडी नसली तरी तोंडात शुद्ध भाषा आहे, असं काहीतरी मनात असायचं. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

तर त्या दुपारच्या बॅचला एक बाई आली. वय बेचाळीस-त्रेचाळीस, उंच, रापलेली, वेणीत अबोलीचा एवढासा गजरा. खाडीकडच्या एका गावातली, शेती करणाऱ्यांच्या घरातली. चपला दाराबाहेर काढायच्या असा आमच्याकडे नियम होता; बाकीचे चपला भिरकावून आत शिरायचे, हिने त्या भिंतीशी जोडून ठेवल्या आणि पायसुद्धा पायपुसण्यावर दोनदा पुसले. मी नाव विचारलं, काम विचारलं. “शालेत शिपाई हाय,” ती म्हणाली. नवरा त्याच शाळेत शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं होतं. तिला मी काकी म्हणायला लागले आणि ती मला टीचर.

काकी दहावी पास होती, आणि ते ती लगेच सांगायची, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं. शाळेतले कारकून निवृत्त व्हायचे होते. संस्थेने सांगितलं होतं की शाळेत कॉम्प्युटर आलाय, बाईने मराठी टाइपिंग आणि छपाई शिकून घेतली, आमच्यासमोर एक परिपत्रक नीट टाइप करून दाखवलं, तर बाहेरचा माणूस न घेता जागा तिलाच देऊ. तीन महिन्यांची मुदत होती.

“टीचर, अकरा वर्सं झाली,” ती पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, “ऑफिसात खुर्च्या पाच हायेत. मी एकीवर पन बसले नाय. गुडघे गेले माझे. बसून काम करीन मी.”

एवढंच तिला हवं होतं. पगारात किती फरक पडेल तेही तिने कधी सांगितलं नाही. बसून करायचं काम, आणि बसायला खुर्ची.

सुरुवातीला अर्धा तास इंग्रजी बोलणं असायचं. प्रत्येकाने उभं राहून आपली ओळख करून द्यायची. काकी उठून म्हणायची, “आय अ‍ॅम अ प्यून.” मग एकदा हळूच विचारलं, “क्लार्क झाल्यावर काय म्हनायचं?” मी सांगितलं. त्यानंतर रोज ओळख करून देताना ती आधी ‘प्यून’ म्हणायची, मग खाली बसता बसता स्वतःशीच ‘आय अ‍ॅम अ क्लार्क’ असं पुटपुटायची. शेजारच्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. मलाही हसू यायचं.

पण शिकायची कशी, ते बघण्यासारखं होतं. तिच्याजवळ दोनशे पानी वही होती. पडद्यावरच्या यादीतला प्रत्येक इंग्रजी शब्द ती मराठी अक्षरांत लिहून घ्यायची आणि पुढे आपला अर्थ लिहायची. कट म्हणजे काप. पेस्ट म्हणजे चिकटव. सेव्ह म्हणजे जपून ठेव. प्रिंटच्या पुढे लिहिलं होतं, ‘आधी कागद हाय का बघ.’ बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक गृहस्थ आमच्या बॅचला होते, त्यांना दोन महिन्यांत फाइल कुठे जपून ठेवली ते सापडायचं नाही. काकीला फ्लॉपी घातल्यापासून काढेपर्यंतची प्रत्येक पायरी पाठ. एकदा सांगितलं की झालं. मी जे सांगेन ते ती तसंच्या तसं करायची, त्यात काडीचा फरक नाही. ही गोष्ट मला तेव्हा माहीत होती, हे मला इथं नोंदवून ठेवायचं आहे.

अडचण एकच. मराठी टाइपिंग.

आमच्या मराठी फाँटात लहान एन दाबला की ‘न’ उमटायचा, आणि शिफ्ट धरून मोठा एन दाबला की ‘ण’. काकीला हे सांगितलं तेव्हा ती जरा वेळ कळांकडे बघत राहिली. म्हणाली, “म्हंजे न दोन हायेत. एक लहान मानसांचा, एक मोठ्या मानसांचा.” मला ते आवडलं होतं, पण कौतुक करायचं सुचलं नाही. मी म्हटलं, “काकी, ‘माणसांचा’. मानसांचा नाही.”

ती म्हणाली, “तेच म्हनते ना मी, मानसांचा.”

तिला तो फरक ऐकूच येत नव्हता. तिच्या गावात ‘ण’ कुणाच्या जिभेवर नव्हताच. ‘ळ’ही ती ‘ल’च म्हणायची, पण तो फरक तिच्या कानाला कळायचा, टाइप करताना चुकायचा नाही. शाळेत असताना पुस्तकात बघून लिहिला असेल तेवढाच. बघून टाइप करायला दिलं तर तिचं एक अक्षर चुकायचं नाही. पण संस्थेची परीक्षा तोंडी सांगून टाइप करायची होती, म्हणून मी तोंडी मजकूर सांगायचे, आणि मग कागदावर पानी, कोन, कारन, परिनाम, शिक्षन अशी रांग लागायची.

एका दुपारी मी सगळ्यांकडून अर्ज टाइप करून घेतले. काकीचा कागद प्रिंटरमधून आला, मी तो हातात घेतला आणि मोठ्याने वाचला, तिच्याच उच्चारात. ‘अध्यक्ष महोदय, आमच्या गावात पानीपुरवठा नियमित होत नसल्याकारनाने...’ वर्ग खो खो हसला. बँकवाले गृहस्थ डोळे पुसत होते. त्या वर्गातले आम्ही बहुतेक सगळे काल-परवा इथं राहायला आलेले, कुणी गिरगावातून, कुणी डोंबिवलीतून. पिढ्यान्‌पिढ्या या मातीत भात लावणारी एकटी तीच. आणि तिने कसं बोलायचं ते आम्ही ठरवत होतो. हे मला आज सुचतंय. त्या दिवशी आपण किती विनोदी आहोत एवढंच मला वाटत होतं.

काकीही हसली, पण थोडंच. मग वही उघडून म्हणाली, “टीचर, कुठं लहान न नि कुठं मोठा, ह्याचा नियम काय? एकदा लिहून द्या.”

आता यावर काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. शाळेच्या परिपत्रकांत लागणारे ‘ण’चे शब्द असून असून किती असणार? शंभर धरा. एका संध्याकाळी बसून मी ती यादी केली असती, तर तिने आठवड्यात पाठ केली असती. माझ्या घरात वडील होते, मुद्रितं तपासून ज्यांचे डोळे गेले होते. त्यांनी तर खुशीने करून दिली असती. पण माझा वेळ संपत आला होता, बॅच हसण्याच्या मूडमध्ये होती, आणि त्याच आठवड्यात मी त्यांना फाइंड-रिप्लेस शिकवलं होतं. एक अक्षर शोधायचं, त्याच्या जागी दुसरं घालायचं.

मी म्हटलं, “नियम कशाला पाहिजे काकी? तुम्ही बिनधास्त तुमच्या पद्धतीने टाइप करा. शेवटी फाइंडमध्ये लहान एन घाला, रिप्लेसमध्ये मोठा एन घाला, आणि दाबा रिप्लेस ऑल. एका बटणात सगळं शुद्ध!”

पुन्हा हशा. आणि त्या हशात मी बघितलं की काकी मान खाली घालून वहीत लिहितेय.

मी बघितलं. कुणी म्हणेल लक्षात आलं नसेल, तर तसं नाही. पेन वहीवर चालताना मला स्वच्छ दिसलं, आणि मनात आलंही की अरे, हिला सांगायला हवं ही थट्टा आहे म्हणून. तेवढ्यात खालून मालक वर आले, पुढची बॅच दारात उभी होती, कुणीतरी यूपीएस कुईंकुईं करतोय म्हणून हाक मारली. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी विसरले. तिसऱ्या दिवशी आठवलं, तेव्हा वाटलं, एवढी काही ती वेडी नसेल.

त्या परीक्षेचं सगळं मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. शाळेच्या ऑफिसात मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, संस्थेचे दोन सभासद आणि निवृत्त होणारे कारकून बसले होते. कॉम्प्युटरसमोर काकीला खुर्ची दिली. मोठ्या बाईंनी परिपत्रक तोंडी सांगितलं. नळाला दोन दिवस पाणी येणार नाही, तरी पालकांनी मुलांना पाण्याची बाटली देऊन पाठवावे, मैदानावरील खेळाचे तास होणार नाहीत, अशा अर्थाचं दहा-बारा ओळींचं. काकीने सावकाश पण न थांबता टाइप केलं. मग वही काढून एकदा बघितली, कारण वही बघायला परवानगी होती. आणि मी सांगितल्याप्रमाणे केलं. लहान-मोठं अक्षर वेगळं धरायला एका चौकटीत खूण करावी लागते, तीसुद्धा ती विसरली नाही. मग कागद आहे का ते बघितलं, छापलं, आणि कागद मोठ्या बाईंच्या हातात दिला.

सूचणा. दिणांक. सर्व पालकांणा विणंती. णळाला दोण दिवस पाणी येणार णाही. मैदाणावरील खेळ बंद. सबंध कागदावर एकही ‘न’ उरला नव्हता. ‘पाणी येणार’ तेवढं बरोबर आलं होतं.

संस्थेच्या एका सभासदाने तो कागद नाकातून बोलत वाचून दाखवला. ऑफिसातली सगळी हसली. शिपाईबाईला जमणार नाही हे आपण आधीच सांगितलं होतं, असं कारकून म्हणाले. नक्की काय चुकलं ते तिला कुणीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकी वर्ग सुटल्यावर आली. चपला तशाच भिंतीशी लावल्या. घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “टीचर, ह्यात चुकलं कुठं? मला दिसत नाय.”

मी कागद वाचला. म्हटलं, “काकी, सगळेच न बदलले तुम्ही.”

“तुम्हीच सांगितलेलं ना? रिप्लेस ऑल.”

ती भांडत नव्हती. वहीत लिहिलेलं बरोबर आहे ना, एवढंच विचारत होती. त्या क्षणी मी म्हणू शकले असते की माझं चुकलं, मी मस्करी केली. मी तिच्याबरोबर त्या शाळेत जाऊ शकले असते. मोठ्या बाईंना सांगायचं की हिला टाइपिंग येतं, माझ्याहून जास्त मन लावून करते, चूक शिकवणारीची आहे. मी काय म्हटलं? म्हटलं, “अहो, ते सगळीकडे करायचं नसतं. एकेक शब्द बघून करायचं असतं. तुम्ही घाई केलीत. पी हळद नि हो गोरी, असं होतं का कधी?”

काकीने मान हलवली. “हो, घाई झाली खरी.” मग कागदाची घडी घालत, “केलेलं परत घेता येतं का हो टीचर, ह्याच्यात?”

येत होतं. एक बटण होतं, सगळा कागद पहिल्यासारखा झाला असता. ते मी त्यांना शिकवलंच नव्हतं. नवशिक्यांना ते आधी दाखवलं की मग माणसं जपून काम करत नाहीत, अशी माझी थोर समजूत होती. चूक करू नका असं तीन महिने बजावलं, आणि चूक मागे घेता येते हे सांगायचं ठेवलं होतं कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात.

“येतं,” मी म्हटलं. “तो भाग पुढे आहे.”

ती पुन्हा क्लासला आली नाही.

महिन्याभराने मालकांनी मला बोलावलं. एका शाळेला मराठी टाइपिंग येणारं माणूस हवंय, घराजवळची नोकरी आहे, जातेस का? शाळा काकीचीच होती. रात्रभर तळमळले वगैरे असं लिहिता येईल, पण खोटं कशाला? मी नीट झोपले. सकाळी उठून इस्त्रीची साडी नेसले आणि गेले. मोठ्या बाई चांगल्या होत्या. चहा दिला, आणि आधी काय झालं होतं ते मोठ्या रंगात येऊन सांगितलं, “अहो, णळाला पाणी येणार णाही!” मीही हसले. त्या बाईला मी शिकवलं, हे सांगितलं नाही. मला नोकरी हवी होती.

पहिल्या दिवशी ऑफिसच्या दारात काकी उभी होती. मला बघून तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं नाही, कारण मी दुसरीकडे बघत होते. तिने फडक्याने टेबल पुसलं, कॉम्प्युटरवरचं कापड काढून घडी घातली आणि खुर्ची मागे ओढली. “बसा मॅडम,” म्हणाली. टीचर म्हणाली नाही. मी बसले.

पुढे वर्षभर हे असंच चाललं. मी परिपत्रक टाइप करायचे, ती ते वर्गावर्गात फिरवून बाईंच्या सह्या घेऊन यायची. चार जिने, दिवसातून तीनदा तरी. गुडघ्यावर हात ठेवून चढायची. आम्ही कामापुरतं बोलायचो.

एकदा स्नेहसंमेलनाच्या आमंत्रणपत्रिकेत ‘प्रमुख पाहुणे’ मी ‘प्रमुख पाहुने’ असं टाइप केलं. माझ्यासारखीच्या हातून, मुद्रितं तपासणाऱ्याच्या मुलीच्या हातून! शिफ्ट नीट दाबली गेली नसणार. तीनशे पत्रिका छापून झाल्या, वाटल्या गेल्या, मग कुणीतरी दाखवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “असू दे गं, होतं घाईत.” संस्थेच्या त्याच सभासदाने “प्रिंटिंग मिस्टेक” म्हणून विषय संपवला. नाकातून वाचून कुणी दाखवलं नाही, कुणी हसलं नाही.

त्या दुपारी ऑफिसात आम्ही दोघीच होतो. मला राहवेना. मी खुर्चीवरून उठले आणि म्हटलं, “काकी, ते रिप्लेस ऑल मी थट्टेत सांगितलं होतं. तुम्ही लिहून घेताना मी बघितलं होतं, तरी बोलले नाही. घाई तुमची झाली नव्हती.”

काकी सह्यांच्या वहीला दोरी बांधत होती. तिने गाठ घट्ट ओढली.

“थट्टा हाय ते मला तवाच कललेलं,” ती म्हणाली. “सगली हसली ना. पन मला वाटलं, टीचर हाय, थट्टेत पन खोटं नाय शिकवनार.”

आणि वही काखेत मारून ती सातवीच्या वर्गाकडे गेली.